डोकी बरोबर भरली

गावाच्या दगडी कमानीतून मिनीबस आत जात नाही. जुन्या राजांनी शत्रूचे घोडे अडवायला ती अरुंद बांधली म्हणे. शत्रू केव्हाच गेले, आता अडते ती फक्त ड्रायव्हरची गाडी. त्यामुळे रोज संध्याकाळी गाडी बाहेर लावायची, सहलीच्या लोकांना उतरवायचं आणि गुळगुळीत झालेल्या फरशांवरून जपून घर गाठायचं. सकाळी समुद्र, दुपारनंतर डोंगर, अंधाराच्या आत परत. इतकी वर्षं हेच रहाटगाडगं. आणि त्यात आपल्या हातून एकही माणूस मागे राहिला नाही, याचा त्याला कोण तोरा! निघण्याआधी तो डोकी मोजायचा म्हणजे मोजायचाच, मग कुणी कितीही नाकं मुरडोत.

त्या दिवशीही मोजली होती. घरी येऊन तो बूट काढतोय, तोच बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अहो, वरच्या खोलीतले आजोबा कुठे राहिले?"

वरची खोली ते पाहुण्यांना भाड्याने देत. हे आजोबा आदल्या दिवशी आले होते, एकटेच. विचारलं तेवढंच बोलायचे.

"येतील की. रेंगाळले असतील कुठेतरी."

"सगळे केव्हाच आपापल्या खोल्यांवर गेले. मी कमानीपर्यंत जाऊन बघून आले. तुम्ही आणलंत ना त्यांना?"

"म्हणजे काय! मोजून आणलंय सगळ्यांना. डोकी बरोबर भरली."

टेबलाशी त्याचे वडील गरम दूध पीत बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"मला धरून?" त्यांनी विचारलं.

ड्रायव्हरने काढलेला बूट पुन्हा पायात चढवला.

बाबांच्या मधमाश्यांच्या पेट्या वर डोंगरावर होत्या. एरवी ते चालतच उतरायचे. आज धुकं दाटलं, त्यात गुडघा कुरकुरत होता, म्हणून सहल खिंडीत थांबली तेव्हा यानेच त्यांना हाक मारून गाडीत बसवलं, अगदी मागे, खिडकीशी. मग बाकीची मंडळी कुडकुडत, टोप्या कानांवर ओढून एकदम आत घुसली. याने दारात उभं राहून डोकी मोजली आणि आकडा जुळला. बाप काही सहलीला आलेला नव्हता, पण टोपीखाली कुठलं डोकं बापाचं आणि कुठलं पाहुण्याचं!

"ते कुणाशी बोलतही नव्हते गं," तो पुटपुटला. "शेजारच्याला तरी कळायला नको?"

"म्हणजे आता चूक त्यांचीच का?" बायको उसळली. "वर गारठ्यात धडधाकट माणूस टिकायचा नाही, आणि हे तर पिकलं पान! निघा आधी."

तिने घोंगडी त्याच्या अंगावर फेकली आणि मदत पथकाला फोन लावला. पथक खालच्या शहरातून येणार, म्हणजे त्याला वेळ लागणार. बाबाही काठी घेऊन उठले. नको म्हटलं तरी ऐकेनात.

धुक्यात दिवे लावून काही उपयोग नव्हता. रस्त्याची कड तेवढी दिसत होती. ड्रायव्हर प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवत होता, आणि मनात एकच घोकत होता, जिवंत असू दे, बाकी काही नको.

"मी आपला चालत आलो असतो, तर..." मागून बाबा म्हणाले.

"गप्प बसा हो बाबा! तेवढंच ऐकायचं राहिलंय आता."

त्याला लगेच वाईट वाटलं, पण पुढचं वळण आलं आणि त्याने पुन्हा हॉर्न दाबला.

खिंडीत मेंढपाळांचा दगडी आडोसा आहे, बिनदाराचा. आजोबा तिथे कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. ओठ निळे पडले होते, बूट भिजून चिंब झाले होते. पण श्वास चालू होता. दोघांनी मिळून त्यांना गाडीत घेतलं, घोंगडीत गुंडाळलं. ड्रायव्हर त्यांचे हात चोळत राहिला. त्याला रडूच फुटलं.

"आजोबा, माफ करा हो. माझीच चूक झाली. कसं तोंड दाखवू तुम्हाला?"

अंगात ऊब आल्यावर आजोबांनी घोंगडीतून तोंड बाहेर काढलं.

"मी जरा पलीकडे गेलो होतो. आलो, तर गाडी सुटलेली. मागे धावलो, हात वर केला. मागच्या खिडकीतल्या माणसाने हात हलवला."

ड्रायव्हरचे हात थांबले. त्याने वडिलांकडे पाहिलं. बाबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

"तो मी," बाबा म्हणाले. "मला वाटलं, इथलाच कुणी आहे, अच्छा करतोय. म्हणून मीही केला."

"असं होय," आजोबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मला वाटलं, तुम्ही मला पाहिलंत. आता गाडी थांबेल, म्हणून मी धावायचा थांबलो."