गुणी बाळ

बाळाला ठेवायला अक्षदा वाकली आणि तिला एकाचे दोन पाळणे दिसले. बाळाला छातीशी घट्ट धरून ती तशीच मटकन फरशीवर बसली. एवढा धक्का बसला, पण बाळाने डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"आई, ह्याला घे आधी."

सुभद्रा धावत आली. "वारं लागलंय तुला! कानाला रुमाल बांध म्हटलं तर ऐकायचं नाही. आणि बाळ बघ किती गुणी, हूं नाही की चूं नाही."

बारशापासून अक्षदाची चक्कर वाढतच होती. पाय वाकडे पडत, घास नेताना हात कापे. आईचं निदान एकच, बाळंतवारा. त्यावर शेगडी, धुरी, आणि दोन्ही वेळा समोर उभं राहून घ्यायला लावलेली फिटची गोळी.

गोळीवर तिचा पहारा होता, कारण सातव्या महिन्यात अक्षदाला ओट्याशीच फिट आली होती. "चुकवलीस ना गोळी?" म्हणून सुभद्राने तिला फैलावर घेतलं होतं. एकही चुकली नव्हती. परळच्या डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, गरोदरपणात यकृतातली एन्झाइम्स जोर धरतात, गोळीचा लवकर निचरा करतात. त्यांनी डोस दुप्पट केला. "बाळंत झालात की आठवड्याभरात या," असंही बजावलं होतं.

ते राहिलं. लालबागच्या त्या खोलीचा उंबरठा सव्वा महिना ओलांडायचा नाही, हे सुभद्राने ठरवलं आणि बी.एस्सी. झालेल्या अक्षदाने मुकाट्याने ऐकलं.

"आई, हे वारं नाही. यकृत पहिल्यासारखं झालं असणार आणि गोळी अजून दुप्पटच चाललीय. अंगावर चढलीय ती."

"म्हणजे मी तुला विष पाजत होते?"

"तसं नाही गं..."

तिने फोन लावला, स्पीकरवर. डॉक्टर रागावलेच. "मनाने बंद करू नका, पुन्हा फिट येईल. पुढच्या गोळीआधी इथे या, डोस उतरवू. बाळ अंगावर पितं ना? गोळी दुधातून त्यालाही जाते. फार झोपतं का? पिता पिता सुस्तावतं?"

अक्षदाने आईकडे पाहिलं. गुणी बाळाचं कौतुक सुभद्राने चाळभर केलं होतं.

सुभद्राने बाळाच्या तळपायाला टिचकी मारली. मग दुसरी, जरा जोरात. बाळाने नुसतं तोंड वाकडं केलं.

"रड ना रे," ती म्हणाली, आणि बाळाला पोटाशी धरून अनवाणीच उंबरठ्याबाहेर पडली. "चल अक्षदा, भिंत धरून ये. टॅक्सी थांबवते."