होडीतली जागा

"अवो, पेटून नाई राहिल्या ह्या," सत्यभामा डोळे पुसत म्हणाली. "वलगावात कडक होत्या. इथली हवा लागली अन् मेल्या नरम पडल्या."

पुंजारामने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि मधल्या, कोरड्या राहिलेल्या गोवऱ्या काढून तिच्यापुढे टाकल्या. पोतं त्याने दुहेरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणलं होतं. अमरावतीहून दर वर्षी सहल निघाली की कणीक, तिखट, तुरीची डाळ यांच्यासोबत गोवऱ्यांचं पोतंही गाडीत चढायचं. गोव्याच्या खाली, कर्नाटकच्या किनाऱ्याला लागून असलेल्या या जंगलात झाडांना शेवाळ, दगडांना शेवाळ, वाळत घातलेला टॉवेल तिसऱ्या दिवशीही ओलाच. इथे शेण मिळतं, पण वाळत नाही. आणि वऱ्हाडातल्या माणसाला धबधबा दाखवा, दोरीला टांगून दरीपार न्या, रात्रीच्या जंगलात फिरवा, शेवटच्या दिवशी त्याला निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगेच लागतात.

"अकराले होडी हाय," सत्यभामा म्हणाली. "तोवर निखाऱ्यायचा जगरा झाला पाह्यजे."

"होते. तू निंग वेळेवर. रोडगे निखाऱ्यात पुरले की मंग माहं काम."

ती फुंकर घालत राहिली. ती इथे पाहुणी म्हणून आली होती. निदान घरून निघताना तरी.

पुंजाराम लग्नाच्या पंगतींमध्ये आचारी म्हणून तयार झालेला. उत्तमरावांनी सहलींची कंपनी काढली तेव्हा त्यांनी त्याला उचललं, आणि तेव्हापासून दिवाळीच्या सुट्या आणि उन्हाळा तो कधी घरी राहिला नाही. उत्तमराव गेले. आता त्यांचा मुलगा गजेंद्र कंपनी पाहतो. त्याने समुद्रकाठच्या देवदर्शनाच्या सहली बंद करून जंगलातल्या, पाण्यातल्या, दोरीवरच्या सहली सुरू केल्या. दिवाळीच्या आधी तो स्वतः वलगावला आला, खाटेवर बसला, चहा प्याला आणि म्हणाला, "काका, पुढच्या सालापासून तिकडचं किचनच जेवण देणार. लोकायले आता बुफे पाह्यजे. तुमी लय केलं आमच्यासाठी. या वेळेस काकूले संग घेऊन या. पाहुणी म्हणून. माझ्याकडून."

पुंजारामने मान हलवली. काम सुटलं हे त्याने ऐकलं. सत्यभामाने ऐकलं ते फक्त शेवटचं. संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीला कळलं होतं की सत्यभामा समुद्र पाहायला चालली.

कारण समुद्रावर तिचा जुना राग होता. सासू अंथरुणाला खिळली तो उन्हाळा, पत्रे तापलेले, वाऱ्याची झुळूक नाही. बुढीला कुशीवर वळवायचं, धुवायचं, आणि मधल्या वेळेत भाजीची पाटी घेऊन बाजारात बसायचं. हा तिकडे समुद्रकाठी. पोरीचं, गीतांजलीचं, पहिलं बाळंतपण अडलं, ती अमरावतीच्या दवाखान्याच्या जिन्यात एकटी बसून होती. हा समुद्रकाठी. घरी आला की ती त्याला टोचून बोलायची. "तुमाले काय, तुमी दुनिया पाहून आले. मी इथी बुढीचं करून राहिली." तो खाली मान घालून जेवायचा. त्याची ती खाली मान म्हणजे कबुली, असं ती धरून चालली. असं करत दोघं म्हातारी झाली.

बडनेरा स्टेशनवर मदतनीस गोपाल आलाच नाही. गजेंद्र गाडीत तिच्यापाशी येऊन म्हणाला, "काकू, आजच्या दिवस तेवढ्या पोळ्या लाटून द्या." तो आजचा दिवस अजून संपला नव्हता. कॅम्पच्या मागच्या अंगाला एक पत्र्याचं शेड होतं. तिथून पाण्याची टाकी दिसायची, केळीची झाडं दिसायची आणि संडासाची मागची भिंत. पाहुणे नारिंगी जॅकेटं घालून निघून जायचे, ओलेचिंब होऊन ओरडत परत यायचे आणि म्हणायचे, "मावशी, चहा."

पहिल्या रात्री सगळे बॅटऱ्या घेऊन निघाले, तेव्हा तिने विचारलं, "हे कुठी चालले?"

"बेंडकं पाहाले."

"बेंडकं? आपल्या नालीत काय कमी हायेत?"

"हे हिरवे असतात म्हने. झाडावर बसतात म्हने."

"म्हने?"

"लोक सांगतात," पुंजाराम म्हणाला आणि भांड्यांकडे वळला.

दुसऱ्या दुपारी तिने हात धुतले, डोक्यावर पदर नीट केला आणि त्याच्यापुढे उभी राहिली. "चाला. चहाले अजून येळ हाय. मले समुद्र दाखवा."

पुंजाराम शेडच्या दारात आला. त्याने डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. केळींच्या मागे एक पायवाट होती, तिच्याकडे बोट केलं, मग बोट खाली घेतलं.

"थांब," तो म्हणाला. "वॉचमनले विचारून येतो."

"काय विचारता?"

"वाट."

"तुमी इथी दरसाल येता नं?"

"येतो."

"मंग?"

"मी इथीच असतो वं," तो म्हणाला. त्याने हात फिरवून चूल, टाकी, भांडी दाखवली. जसं घर दाखवावं तसं. "लोक जातात तवा सैपाक असते. लोक येतात तवा वाढाचं असते. मंग भांडे. मंग उद्याची कणीक."

सत्यभामा तिथेच पाटावर बसली. एवढी वर्षं ती एका माणसाशी भांडली होती, आणि तो माणूस एका शेडमध्ये उभा होता. तिला आधी कीव आली नाही. आधी संताप आला, कुणीतरी आपलं काहीतरी चोरून नेल्यासारखा.

"मंग सांगतलं काहून नाई?"

"तुले वाटे मी मजेत हाओ," तो म्हणाला. "म्हटलं, एकाले तरी वाटू दे."

चहा झाल्यावर ती स्वतः गजेंद्रकडे गेली. पाहुण्यांच्या खुर्च्यांमधून वाट काढत, पिठाच्या हातांनी. "गजेंद्रभाऊ, मले पाहुणी म्हणून आनलं तुमी. मले समुद्र पाहाचा हाय."

गजेंद्र खजील झाला. माणूस वाईट नव्हता. "उद्या होडी हाय काकू. खाडीतून, झाडाझाडातून थेट समुद्राच्या तोंडापर्यंत जाते. आरती मॅडमले उलट्या होऊन राहिल्या, त्या येत नाहीत. त्यायची जागा तुमची. बस, रोडग्याचं तेवढं आधी आटपून ठेवा."

बाजूला बसलेले खुशालराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, हसून म्हणाले, "वहिनी, समुद्र कुठी पळून नाई चालला. रोडगे पह्यले."

तर असा तो सकाळचा जगरा. शेवटी गोवऱ्यांनी पेट घेतला. धूर वर न जाता शेडमध्येच बसला. सत्यभामाने कणकेचे गोळे वळले, निखारे पसरले, रोडगे पुरले, वर राख ओढली. मग टाकीच्या मागे जाऊन हातपाय धुतले आणि गीतांजलीने दिलेलं हिरवं लुगडं नेसली. पुंजाराम तिला पोचवायला धक्क्यापर्यंत आला. ती वाटही त्याने पहिल्यांदाच पाहिली.

पाणी काठोकाठ होतं. गढूळ, हिरवट, संथ. दोन्ही काठांना झाडं मुळांवर उभी होती, जणू पाण्यात उतरायला लुगडी वर खोचून थांबलेल्या बाया. नावाड्याने तिला जॅकेट घातलं, पदरावरून पट्टे आवळले. तिला हसू आलं.

"वा वहिनी," खुशालराव म्हणाले, "आता तुमीच कॅप्टन."

ती पुढच्या फळीवर बसली. होडी हलली की फळी डुलायची, तेही तिला आवडलं. पुढे खाडीला वळण होतं. वळणाच्या पलीकडे समुद्र, असं नावाडी हाताने सांगत होता.

तेवढ्यात पायवाटेवरून आरती मॅडम आल्या. डोक्यावर टोपी, डोळ्यांवर गॉगल. "गोळी घेतली, आता बरं वाटतंय," त्या गजेंद्रला म्हणाल्या. "मी येतेच. एवढ्या लांब आले आणि हेच राहायचं."

गजेंद्रने नावाड्याकडे पाहिलं. नावाड्याने मान हलवली. माणसं ठरलेली होती, जॅकेटं तेवढीच. गजेंद्र म्हणाला, "काकू..." आणि पुढे त्याला बोलता येईना. होडीतले सगळे पाण्याकडे पाहू लागले. खुशालराव फोन काढून त्यात काहीतरी शोधू लागले. त्यांनी ही फेरी मागच्या सहलीतही केली होती.

सत्यभामाला नंतर पुष्कळदा वाटलं, तो गप्पपणा अजून थोडा लांबला असता तर कुणीतरी उठलं असतं. कदाचित खुशालराव. कदाचित आरती मॅडमच म्हणाल्या असत्या, राहू द्या. गजेंद्र गप्प होता, आणि गप्प राहणं त्याला जड जात होतं.

पण पुंजाराम चपला काढून चिखलात उतरला, होडीपाशी आला आणि त्याने हात पुढे केला.

"उतर वं," तो हळूच म्हणाला. पंगतीत ताट सरकवावं तसा. "मॅडमले बसू दे. गजेंद्रभाऊले अडचनीत नको टाकू."

सत्यभामाने त्या हाताकडे पाहिलं. भाजलेल्या बोटांचा, नखांत पीठ असलेला हात. कुणी त्याला सांगितलं नव्हतं. कुणी एक शब्द बोललं नव्हतं. तेव्हा तिला कळलं की हा माणूस समुद्रावर का गेला नाही. याला कुणी अडवलंच नसेल. हा दर खेपेला आपणहून उतरत आला असेल.

तिने तो हात धरला नाही. जॅकेटची कळ तिला उघडता येईना, तेव्हा आरती मॅडमनी वाकून ती उघडली. "सॉरी हं मावशी," त्या म्हणाल्या आणि तेच जॅकेट स्वतः चढवलं. सत्यभामा हिरवं लुगडं चिखलात भरवत काठावर आली. होडी सुटली. वळणापाशी ती एकदा तिरपी झाली आणि दिसेनाशी झाली.

परतताना केळींपाशी पुंजाराम म्हणाला, "रागावली?"

"तुमाले कोनी म्हटलं होतं, उतरव म्हून?"

"म्हनन्याच्या आधी केलेलं बरं असते," तो म्हणाला. "कोनी उतर म्हटल्यावर उतरलं तं अपमान होते. आपल्या मनानं उतरलं तं नाई होत."

"मंग नाई झाला का?"

पुंजाराम शेडमध्ये गेला आणि राख बाजूला करू लागला.

रोडगे असे उतरले की लोक बोटं चाटत राहिले. जेवणं संपत आली तेव्हा गजेंद्रने सगळ्यांना थांबवलं आणि पुंजारामला पुढे बोलावलं. शाल घातली, नारळ दिला. "काकांनी आपल्या कंपनीसोबत सारा देश पाहिला," तो म्हणाला, आणि टाळ्या पडल्या. "काका, दोन शब्द."

पुंजारामने नारळ या हातातून त्या हातात घेतला. "कंपनीनं मले लय फिरवलं," तो म्हणाला. पुन्हा टाळ्या पडल्या. खुशालरावांनी तर शिट्टी मारली.

"काकू, तुमी पन या. जोडीनं फोटो काढू."

"हात तुपाचे हायेत," सत्यभामा मागून म्हणाली आणि तूप वाढत पुढच्या पानावर गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती भांडी बांधत होती तेव्हा पुंजाराम येऊन उभा राहिला. "बस निघाले थोडा येळ हाय," तो म्हणाला. "काठानं गेलं तं वळनापासून दिसते म्हने. चाल."

तिने गाठ अर्धवट सोडली. दोघं केळींतून धक्क्यावर आली, आणि तिथेच थबकली. पाणी नव्हतं. काल काठोकाठ होतं तिथे काळा चिखल पसरला होता, त्यात होड्या कुशीवर पडल्या होत्या, आणि झाडांची उघडी मुळं बोटभर खेकड्यांनी भरली होती. काठाची वाटही त्या चिखलातच उतरत होती. कुजका वास येत होता.

"पानी कुठी गेलं?"

"ओहोटी म्हनतात याले," पुंजाराम म्हणाला.

"म्हंजे?"

"जाते पानी."

"कुठी जाते?"

ओहोटी हा शब्द त्याने वाढताना कितीदा ऐकला होता. जेवता जेवता त्यापुढे कुणी काही बोललं नव्हतं. वलगावात पाणी गेलं की गेलं. विहीर आटली की पुढचा पावसाळा. दोघं त्या चिखलाकडे पाहत उभी राहिली. जाळं घेऊन चाललेल्या एका माणसाने हातवारे करून सांगितलं की दुपारपर्यंत परत भरतं. तोवर कॅम्पकडून बसचा हॉर्न वाजू लागला होता.

"येते म्हने दुपारी," पुंजाराम म्हणाला.

"येऊ द्या," सत्यभामा म्हणाली आणि बसकडे निघाली.

परतीची गाडी कोल्हापुरातून होती, म्हणून बस समुद्राकडे पाठ करून घाट चढू लागली. पाहुणे पुढे, भांडी मागे, आणि शेवटच्या बाकावर भांड्यांजवळ ती दोघं. काल दमलेली माणसं लगेच डुलकू लागली. वळणं सुरू झाली तसं मोठ्या गंजाचं, डाळीच्या पातेल्याचं, झाकण वाजायला लागलं. अर्धवट सोडलेली गाठ सुटली होती. सत्यभामाने झाकणावर हात ठेवला आणि दाबून धरला. बराच वेळ ती तशी बसून होती. खांद्याला रग लागली तेव्हा तिचं आपल्या हाताकडे लक्ष गेलं.

झाकण धर असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिने हात काढून घेतला. पुढच्याच वळणाला झाकण खणखणलं. आरती मॅडमनी मागे वळून पाहिलं. खुशालराव जागे झाले आणि म्हणाले, "काय वाजून राहिलं बे तिकडं?"

पुंजारामचा हात झाकणाकडे गेला. सत्यभामाने त्याचं मनगट वाटेतच पकडलं आणि तो हात आपल्या मांडीवर ओढून घेऊन तिथेच धरून ठेवला. ती खिडकीबाहेर पाहत होती. त्याने एकदा हात सोडवून पाहिला. तिने सोडला नाही.

घाट लांबलचक होता. झाकण वरपर्यंत वाजत राहिलं.