लाल दोरा, पांढरा दोरा

सुमती दातारला पस्तीस पूर्ण व्हायला पाच महिने उरले होते. लग्नाच्या बाजारात ते वय केव्हाच उलटून गेलं होतं आणि त्याचं तिला काही सोयरसुतक नव्हतं. पण डोंबिवलीच्या एका धर्मादाय ट्रस्टनं १९८८ साली जी शिष्यवृत्ती काढली होती, तिच्या अर्जावर 'वय पस्तीसच्या आत' असं छापलेलं होतं, आणि ते मात्र तिच्या जिव्हारी लागलं होतं. मेंदूच्या आणि मज्जातंतूंच्या आजारांवर लोक डॉक्टरांच्या औषधांबरोबर आयुर्वेदाचे, योगाचे, आणखी कसकसले उपचार करतात. त्यांचा खरोखर उपयोग होतो का, हे तपासायचं कसं ते शिकण्यासाठी ही शिष्यवृत्ती होती. दोन वर्षं मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात मेंदूच्या डॉक्टरांच्या हाताखाली राहायचं, सगळा खर्च ट्रस्टचा. जागा एकच.

सुमतीचा ठाण्याच्या नौपाड्यातला दवाखाना मुळात तिच्या वडलांचा. त्र्यंबक वैद्यांनी तिथं चाळीस वर्षं नाड्या पाहिल्या. कंपवाताच्या रोग्यांसाठी खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण ते स्वतः करत. बिया दुधात शिजवायच्या, सोलायच्या, वाळवायच्या, कुटायच्या, आणि यातलं एकही काम दुसऱ्या कोणाला करू द्यायचं नाही. पुडी हातात ठेवताना प्रत्येकाला म्हणायचं, नक्की गुण येईल. कल्याण, शहाड, पार खडवलीपासून माणसं यायची. मग दैवाला काय थट्टा सुचली कोण जाणे, पाच वर्षांपूर्वी खुद्द त्र्यंबकरावांचाच उजवा हात थरथरायला लागला. आता त्यांना नाडी सापडत नव्हती आणि आमटीची वाटी तोंडाशी पोचेपर्यंत अर्धी रिकामी होत होती. डॉक्टरांच्या गोळ्या ते नेमानं घेत, आणि वर आपलं चूर्णही घेत.

सुमती बापाची लेक खरी, पण स्वभावानं शंकेखोर. या चूर्णानं खरंच फरक पडतो, की माणसं आपल्या मनाची समजूत घालतात? हा प्रश्न तिला खात होता आणि तो विचारायची कुठं सोय नव्हती. वैद्य मंडळी म्हणत, ग्रंथात आहे म्हणजे आहेच. डॉक्टर मंडळी नुसती हसत. तिला हसायचंही नव्हतं आणि हातही जोडायचे नव्हते. तिला कळून घ्यायचं होतं, आणि कळून घ्यायचं कसं हेच तिला येत नव्हतं. आणखी दोनचार वर्षांत बाबांना गिळताही येणार नाही, हे तिला दिसत होतं.

अर्जाबरोबर एक लहानशी पाहणी करून जोडायची अट होती. सुमतीनं कंपवाताचे सोळा रोगी निवडले. आठांना खरं चूर्ण, आठांना तसंच दिसणारं भाजलेल्या उडदाचं पीठ. डॉक्टरांच्या गोळ्या सगळ्यांच्याच चालू. आठवड्याची एकेक पुडी. पुड्या त्र्यंबकरावांनी समोर बसून शेजारच्या पोराकडून भरून घेतल्या. एका प्रकाराला लाल दोरा, दुसऱ्याला पांढरा. कुठल्या दोऱ्यात काय, ते एका चिठ्ठीवर लिहून, पाकीट लाखेनं बंद करून ट्रस्टचे चिटणीस गुरुदत्त सामंत यांच्याकडे ठेवलं. सुमतीलाही ते ठाऊक नव्हतं. सोळाही जणांना तिनं घरी जाऊन सांगितलं, की तुमच्या पुडीत कदाचित नुसतं पीठ असेल, दोन महिने कळ काढा, नंतर सगळ्यांना चूर्णच देईन. सगळ्यांनी माना डोलावल्या. वैद्यबाई सांगतात म्हणजे बरोबरच असणार.

आता दवाखाना सोडून दर आठवड्याला सोळा घरं फिरणार कोण? ते काम जनाबाईनं अंगावर घेतलं. जनाबाई खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. टोपलीत सुके बोंबील आणि सुकट घेऊन ती कल्याण-शहाडकडे दारोदार विकायची, त्यामुळे वाटा तिच्या पायाखालच्या. शिवाय तिचा नवरा दामाजी त्या सोळांतलाच एक. त्याला पांढरा दोरा आला होता. शनिवारी ती पुड्या घरी न्यायची आणि सोमवारपासून पोचवायची. एक पुडी इकडची तिकडे झाली नाही.

दर पंधरवड्याला सुमती घड्याळ घेऊन प्रत्येकाकडे जायची. सदऱ्याची पाच बटणं लावायला किती वेळ लागला, खुर्चीतून उठायला किती, कागदावर काढलेलं गोल चक्र किती वेडंवाकडं, सगळं लिहायची. दोन महिन्यांनी तिनं आकडे मांडले. सोळाही जणांत थोडी थोडी सुधारणा होती. पण लाल दोरेवाल्यांत जेवढी, तेवढीच पांढऱ्यांत. पाकीट फोडायचीही गरज उरली नाही.

तिनं तो कागद वडलांपुढं धरला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"म्हणजे उडदाच्या पिठाइतकंच," ते म्हणाले.

"आकडे तसं म्हणतात, बाबा."

"मग तसंच लिही. एक अक्षर पुसू नकोस."

दुसऱ्या दिवसापासून त्र्यंबकरावांनी चूर्ण घेणं बंद केलं आणि रोग्यांनाही देऊ नको म्हणून बजावलं. पीठ विकायला मी वाणी नाही, म्हणाले.

ट्रस्टच्या मुलाखतीत सामंतांनी तिचा कागद दोनदा वाचला. "बाकीच्यांनी आपापल्या औषधांचे पोवाडे आणलेत," ते म्हणाले. "घरच्या औषधाविरुद्ध निकाल घेऊन आलात त्या तुम्ही एकट्या. आम्हाला असंच माणूस हवंय." आठ दिवसांत निवडीचं पत्र आलं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला रुजू व्हायचं होतं. सुमतीनं ते पत्र देवापुढं ठेवलं, आणि हसावं की रडावं ते तिला कळेना. वडलांच्या चाळीस वर्षांची माती करून तिनं ही जागा मिळवली होती.

इकडं त्र्यंबकराव झपाट्यानं खालावले. अंथरुणात कूस बदलायला हाक मारू लागले. चूर्ण बंद केल्यामुळे, की मन मोडल्यामुळे, की आजारच आपल्या गतीनं पुढं सरकला म्हणून, हे सांगणार कोण?

अशात एका दुपारी जनाबाई टोपली घेऊन दारात आली. घुश्शातच होती.

"पावडर का बंद केली गो, बाय? आमचे दामाजीला आता घास उचलवत नाय."

सुमतीनं तिला बसवलं आणि शांतपणे समजावलं. चूर्णाचा उपयोग नाही असं निघालं, लाल काय नि पांढरा काय, दोघांनाही सारखाच गुण आला.

"सारकाच येनार ना," जनाबाई म्हणाली. "मी सगला एक केलता."

"काय केलं होतंस?"

"दर शनवारी परातीन सगल्या पुड्या ओतायची. हातान कालवायची, परत चमच्यान मापून भरायची. ज्याचा दोरा त्याला." तिनं अभिमानानं पदर सारखा केला. "तूच बोललीस ना, अर्ध्यांना नुसता पीठ हाय? आमच्याकडं होडी लागली का जो दुखन्यान पडलाय, दर्यावर गेला नाय, त्याचा वाटा पयला काढतान. मंग बाकीचे. आनी हितं तर सगलेच दुखन्याचे. एकाला मासली नि एकाला रेती कशी द्यायची? तुला नियम हाय म्हनून तू बोलू नाय शकत, ह्ये मना कललं. म्हनून मीच केला."

म्हणजे सोळाही जणांनी अर्धं चूर्ण नि अर्धं पीठ खाल्लं होतं; दोन दोऱ्यांत फरक निघणार कुठून? सुमतीला त्या बाईच्या कानशिलात द्यावीशी वाटली आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःच्या.

"दामाजीला वेगळं काढून दिलं असतंस तर एकाचेच आकडे बिघडले असते गं," ती कशीबशी म्हणाली.

"देवाशपत नाय," जनाबाई दुखावून म्हणाली. "चमचाभर जास्ती घेतला नाय मी त्याच्यासाटी."

हे सगळं आतल्या खोलीत त्र्यंबकराव ऐकत होते. जनाबाई गेल्यावर सुमती आत गेली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर, बऱ्याच दिवसांनी, लहान पोरासारखं हसू होतं. म्हणजे चूर्ण खोटं ठरलं नव्हतं. ते खरंही ठरलं नव्हतं, पण खोटं तर नव्हतं. मग त्यांची नजर देवापुढं ठेवलेल्या पत्रावर गेली आणि ते हसू मावळलं.

"सामंतांना सांगू नकोस," ते म्हणाले.

"बाबा, त्या कागदावर तुमचं औषध पीठ म्हणून लिहिलंय."

"राहू दे लिहिलेलं. मी आणखी किती दिवसांचा? माझं नाव गेलं तर गेलं. चाळीस वर्षं मी लोकांना खात्रीनं सांगत आलो, आणि खात्री मलाही नव्हती. तू तरी शीक. मी तोंड उघडत नाही, त्या बाईला काय समजायचंय."

तीन दिवस सुमतीनं गप्प बसून पाहिलं. मनाशी हजार हिशेब केले. एकदा शिकून आले की पुन्हा पाहणी करीन, तेव्हा खरं काय ते आपोआप बाहेर येईल, बाबांचं नावही निघेल. मधे दोन वर्षं एक खोटा कागद पडून राहिला तर कोणाचं काय बिघडतं? हिशेब चोख होता. तरी खोटं कसं पकडायचं ते शिकायला जायचं आणि तेही खोट्याच्या खांद्यावर बसून, हे तिला जमेना. चौथ्या दिवशी सकाळी ती डोंबिवलीला गेली.

सामंत माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही टोकलं नाही.

"तुम्ही बोलला नसतात तर आम्हाला कळलंही नसतं," ते म्हणाले.

"हो. मला दोन महिने द्या. पुन्हा करते. या वेळी पुड्या स्वतः पोचवीन."

"एक तारखेला माणूस पाठवायचाय, बाई. यादीत दुसरं नाव तयार आहे. आणि पुढच्या वर्षी तुमचं वय बसत नाही."

"साहेब, मला हे येत असतं तर पुड्या असल्या हाती दिल्या असत्या का? हेच तर मला शिकायचंय."  आयुष्यात तिनं कोणापुढं पदर पसरला नव्हता, तो त्या टेबलापुढं पसरला. "माझे वडील अंथरुणाला खिळत चाललेत. मला त्यांना काय द्यावं ते कळत नाही. कोणालाच कळत नाही. मला शिकू द्या."

सामंतांनी चष्मा काढून पुसला. "पटतंय मला. पण पाहणी नाही, तर अर्ज नाही. आणि अर्ज नाही, तर मी समितीपुढं काय ठेवू?" त्यांनी हळूच निवडीच्या पत्रासाठी हात पुढं केला.

ती घरी पोचली तेव्हा त्र्यंबकराव भिंतीला टेकून वाट पाहत बसले होते.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"दुसऱ्याला दिली."

त्यांनी तिला शेजारी बसवलं. म्हणाले, "जनाबाईला बोलू नकोस हं. तिनं तिच्या परीनं भलंच केलं." आणि मग, "सुमे, चूर्ण आण."

तिनं मधात कालवून आणलं. त्यांची हनुवटी थरथरत होती, म्हणून तिनं ती डाव्या हातानं धरली. पण त्यांनी तोंड उघडलं नाही. ते तिच्याकडं पाहत राहिले, दवाखान्यात चाळीस वर्षं रोगी त्यांच्याकडं पाहत आले होते तसे.

"मी प्रत्येकाला पुडी देताना म्हणायचो ना," ते म्हणाले, "ते म्हण."

 एक खोटं तसंच ठेवायचं नाही म्हणून सकाळीच सुमती होतं नव्हतं ते घालवून आली होती.

"येईल, बाबा," ती म्हणाली. "नक्की गुण येईल."

त्यांनी समाधानानं तोंड उघडलं.