दुपारचं माप

वाढलेल्या ताटापुढं कुलदीपनं हात मांडीवर ठेवला तो ठेवलाच. जवाई रुसला! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दगडफेकीच्या गोटमारीला, पांढुर्ण्याच्या या घरी जवायाला आधी जेवू घालायचं, मेव्हण्यानं वाकून वाढायचं अन जवाई रुसला तर मागेल ते द्यायचं, अशी रीत. सासूबाई शकुबाईंचा जीव खालीवर झाला.

मेव्हणा गजेंद्र मात्र तुपाची वाटी घेऊन दातओठ खात उभा. जहाजं बांधणाऱ्या गोदीत तो कुलदीपचा साहेब. तिथं जवायाला कुत्रं विचारत नव्हतं, अन इथं त्याच्यापुढं वाकायचं!

भांडण जहाजाचंच होतं. इंजिन अन मागचा पंखा जोडणारा लांबलचक शाफ्ट एका रेषेत बसवायचा, तर केसाएवढं चुकून चालत नाही. ऊन चढलं की जहाजाची पाठ वाकते, रेषा सरकते. म्हणून माप पहाटेच घ्यायचं. पण गोटमारीला घरी पोचायची गाडी चुकेल म्हणून या शहाण्या गजेंद्रनं भर दुपारी माप घ्यायला लावलं, वर दरडावून कुलदीपची सही घेतली. उद्या जहाज चाचणीला समुद्रात जाणार. वाकड्या रेषेत फिरून शाफ्टचं बेअरिंग जळलं तर इंजिनाजवळच्या माणसांचं काय? सौंसरच्या आपल्या घरून इथं आल्यापासून कुलदीप मेव्हण्याच्या मागे लागला होता, फोन करून चाचणी थांबव म्हणून. पण गजेंद्रला बढती दिसून राहिली होती, तो कायले ऐकतो?

जवायाला काही पाहिजे असेल, असं समजून शकुबाईंनी बोटातली अंगठी काढून ताटाशी ठेवली. कुलदीपला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अंगठी नको, आई. तुमच्या पोराचा एक फोन पाह्यजे."

गजेंद्र हसला. "सही तुझी हाय, जवाई. बोंब मारशील तर तूच मरशील."

"मरतो ना."

कुलदीपनं गोदीच्या मोठ्या साहेबांना फोन लावला अन सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. माप दुपारचं आहे, सही माझी अन हुकूम गजेंद्रचा, एवढंच बोलला. चाचणी थांबवतो, तुम्ही दोघंही आता कामावर येऊ नका, असं तिकडून उत्तर आलं.

गजेंद्रचं तोंड उतरलं. कुलदीपनं अंगठी सासूच्या हातात दिली अन पुरणपोळी मोडली.

"आता तूप वाढ, साहेब."

शकुबाई पोराकडे रोखून पाहत होत्या. गजेंद्र वाकला.