कार्डाचा कोपरा

सोमवारी तीन, बुधवारी अकरा, आणि शुक्रवारी सकाळपर्यंत सव्वीस. मेलेल्या उंदरांचा आकडा विरुपाक्षनं वहीत मांडला, खाली रेघ ओढली आणि दौतीचं बूच काढलं.

एकोणीसशे चव्वेचाळीसच्या पौषात अणदुरात बी.एस्सी. झालेला तो एकटाच होता. हैदराबादेत त्याचं सगळं विज्ञान उर्दूतून झालं होतं; इंग्रजी तो शब्दकोश उशाशी ठेवून शिकला होता. आता तीच कामाला येणार होती. प्लेगची लस टोचणारे जिल्ह्याचे डॉक्टर मद्रासकडचे, त्यांना ना मराठी वाचता येई ना उर्दू. उर्दू अर्ज या हातातून त्या हातात फिरत त्यांच्यापर्यंत पोचायला पंधरवडा गेला असता. इंग्रजी कार्ड थेट त्यांच्या टेबलावर जाणार होतं.

उंदीर मरू लागले म्हणजे प्लेग येणार, म्हणून गाव नेहमीप्रमाणे शेतात झोपड्या घालून राहायला निघालं होतं. अडचण होती ती मल्लम्माआत्याची. तिची सून शिवगंगा चार दिवसांची बाळंतीण. बाराव्याच्या आत बाळंतिणीनं खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही, ही त्या घराची रीत. मागच्या एका प्लेगात आत्याचा थोरला मुलगा गेला होता. निदान सुनेला तरी सुई टोचून मिळावी, एवढंच तिचं म्हणणं.

"लिव की लवकर, तम्मा. ईरण्णा डाक घिऊन निगंल."

विरुपाक्ष अजून लिहीत नव्हता. वहीच्या मागच्या पानावर त्यानं थर्मामीटरसारखी उभी रेघ काढली होती आणि तिच्यावर खालून वर चार इंग्रजी शब्द बसवले होते: डिसअपॉइंटेड, डिसकरेज्ड, डिसमेड, अलार्म्ड. पहिल्यात मन नुसतं खट्टू होतं. दुसऱ्यात हातपाय गळतात. तिसऱ्यात छातीत धस्स होतं. चौथ्यात माणूस दचकून उठतो आणि शेजाऱ्यालाही उठवतो.

"ह्यातला कंचा घालणार?" आत्यानं विचारलं.

"सगळ्यात खालचा."

"का? वरचा सरकारनं जप्त केलाय व्हय?"

"उंदीर मेलेत, आत्या. माणूस अजून एकही आजारी नाही. पुराव्यापेक्षा मोठा शब्द घातला, की पुढच्या खेपेला कुणी विश्वास ठेवत नाही."

त्यानं कार्ड लिहिलं आणि मराठी करून तिला ऐकवलं. या वर्षी लस न आल्यामुळे गावकरी जरा निराश आहेत. सव्वीस उंदीर मेले आहेत. डॉक्टरसाहेबांनी सवडीनं यावं.

"सवडीनं?"

"तिकडची अदब आहे ती."

"आन आपल्याकडची रीत? जिवावरची बातमी आसली की कार्डाचा कोपरा फाडतेत. न वाचता कळतं."

"तो माणूस गेल्यावर फाडतात. आपल्यात कोण गेलंय? खोटी बातमी होईल."

आत्यानं कार्डावर फुंकर घातली. शाई वाळल्यावर "म्या देते ईरण्णाला" म्हणत ती कार्ड घेऊन गेली.

मंगळवारी दुपारी चावडीपुढं टांगा थांबला. डॉक्टर उतरले, मागोमाग पत्र्याची पेटी घेऊन त्यांचा चपराशी. माणसं गोळा होईपर्यंतही डॉक्टर थांबले नाहीत.

"कौन मरा?"

विरुपाक्ष पुढं झाला, तसं डॉक्टरांनी इंग्रजी सुरू केली आणि खिशातून कार्ड काढून त्याच्यापुढं धरलं. कार्डाला उजवा कोपरा नव्हता.

"तुमचा मजकूर वाचून मला वाटलं, कुणाला मागवलेलं पुस्तक उशिरा मिळालंय. मी कार्ड बाजूच्या ढिगात टाकलं. हा माझा चपराशी उत्तरेश्वर ते तीनदा काढून माझ्या हातात देत राहिला. याला इंग्रजीचं अक्षर येत नाही, पण म्हणतो, साहेब, इथं मयत झालीय. लोहाऱ्यात दोन माणसं प्लेगनं गेलीत. तिकडं निघालो होतो, तो इकडं वळलो. कोण गेलं इथं?"

विरुपाक्षनं आत्याकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली नाही.

"म्या फाडला," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "दोन बोटांचं काम. ह्येला येक शबुद हुडकाया सकाळ गेली."

बलभीम पाटील विरुपाक्षच्या कानाशी लागले. "न्हाय मनू नगंस. कोंडीराम गेलाच की मागल्या म्हैन्यात."

"ते खोकल्यानं गेले, पाटील."

"गेला न्हवं? साहेब काय खोकला इचारतोय?"

टांगा इथूनच परत फिरला तर शिवगंगेला सुई मिळणार नव्हती. खोटं नाव सांगितलं तर लोहाऱ्याची लस इथं संपणार होती. विरुपाक्षनं दोन्ही बाजू एकदा तोलल्या.

"इथं कुणी गेलेलं नाही," तो डॉक्टरांना म्हणाला. "उंदीर आज एकेचाळीस. गाव उद्या झोपड्यांत जाईल. एक बाळंतीण आणि तिचं लेकरू मात्र आणखी चार दिवस घर सोडू शकत नाहीत."

पाटलांना इंग्रजी कळत नव्हतं, पण सूर कळला. त्यांनी कपाळावर हात मारला.

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, मग पेटीकडं. "बाळंतीण आणि तिचं करणारी माणसं. तेवढीच. बाकीच्यांना तुमच्या झोपड्याच बऱ्या." पेटीतून एक कोरा कागद काढून त्यांनी विरुपाक्षच्या हातात दिला. "हैदराबादेहून आणखी लस मागवायची आहे. मी येईपर्यंत पत्र लिहा. खाली सही मी करीन. आणि कृपा करून सवडीनं नको."

आत्या डॉक्टरांच्या पुढं जवळजवळ पळतच घराकडं निघाली.

विरुपाक्ष चावडीच्या पायरीवर बसला. दोन माणसं, एकेचाळीस उंदीर, पेटीत उरेल ती लस. शब्द शोधायला वही काढावी लागली नाही. त्यानं सगळ्यात वरचा घातला. पत्र पुन्हा वाचलं. एकही गोष्ट पुराव्याबाहेरची नव्हती.

तरी कागद त्याच्या मांडीवरच राहिला. हैदराबादेत ही पत्रं कोण उघडतं, आणि त्याला आपल्याकडची रीत माहीत असेल का, हे कळायला मार्ग नव्हता. लोहाऱ्यात मात्र दोन माणसं गेली होती. ते खरं होतं.

त्यानं उजवा कोपरा दोन बोटांत धरला आणि फाडला. सवय नसल्यानं तारखेचा एक आकडाही त्याच्याबरोबर गेला. तो त्यानं खाली पुन्हा लिहिला.