अपत्ये असल्यास

“पोटावरच्या या पांढुरक्या रेघा कसल्या?” डॉक्टरांनी विचारलं.

रोवेना तपासणीच्या टेबलावर आडवी पडून छताकडे बघत होती. “मध्यंतरी फार लठ्ठ झाले होते, सर. मग एकदम वजन उतरलं.”

“कधी दिवस गेले होते?”

“नाही.”

 डॉक्टरांनी वळून कीबोर्डवर काहीतरी टाइप केलं, आणि ते काहीतरी ‘नाही’पेक्षा बरंच लांब होतं. काय लिहिलंत, असं विचारायची सोय नव्हती. कॅनडातल्या कायम वास्तव्यासाठीच्या या तपासणीचा अहवाल सरळ सरकारकडे जातो. ज्याचं पोट, त्याला तो बघायला मिळत नाही.

मर्ली बाहेर गाडी चालू ठेवूनच बसली होती. सास्काटून शहरापासून त्यांचं गाव अडीच तासांवर, आणि मार्च उजाडला तरी शेतांवरचा बर्फ हलायला तयार नव्हता. दोघी गावच्या वृद्धाश्रमात कामाला होत्या, मर्ली स्वयंपाकघरात आणि रोवेना वरच्या मजल्यावर. म्हाताऱ्यांना उठवायचं, धुवायचं, भरवायचं, रात्रीपुरतं नीट निजवायचं. हे काम करायला गावातलं कुणी पुढे येत नव्हतं, म्हणून प्रांताने कायम वास्तव्यासाठी रोवेनाचं नाव सुचवलं होतं. या बाईची इथे गरज आहे, असं त्या पत्रात लिहिलं होतं. आयुष्यात कुणी तिच्याबद्दल एवढं चांगलं लेखी दिलं नव्हतं. तिने ते पत्र लॅमिनेट करून घेतलं. पत्राची मुदत शुक्रवारी संपत होती, त्याआधी सरकारकडे अर्ज जायला हवा होता, आणि आज मंगळवार होता.

“काय म्हणाला डॉक्टर?” मर्लीने विचारलं.

“काही नाही. टाइप करत बसला.”

“म्हणजे कळलं त्याला. बायकांची पोटं बघण्यातच जन्म गेलाय मेल्याचा.” मर्लीने गाडी महामार्गाला लावली. “ऐक माझं. या वेळी लिही पोरीचं नाव.”

रोवेनाने खिडकीबाहेर बघितलं. पोरगी म्हणजे लिझेल, वय वर्षं तेरा. मायदेशी समार बेटावर, रोवेनाच्या आईच्या घरी, रोवेनाची धाकटी बहीण म्हणून वाढत होती.

रोवेना सतरा वर्षांची असताना हे झालं. बोटीवर तिकिटं फाडणारा एक पोरगा होता. तो सेबू शहरात गेला आणि तिकडचाच झाला. मग रोवेनाच्या आईने चार महिने पोटाला उशी बांधून रविवारची प्रार्थना चुकवली नाही, आणि गावानेही मोठ्या मनाने त्या उशीवर विश्वास ठेवला. सुईणीने नगरपालिकेत आई म्हणून रोवेनाच्या आईचंच नाव सांगितलं. यात त्या बेटावर कुणाला फार नवल वाटलं नाही. दर चार घरांत असं एखादं उशिरा झालेलं शेंडेफळ असतंच. लिझेल बोलायला लागली ती रोवेनाला ‘ताई’ म्हणत, आणि रोवेना ‘ओ’ देत राहिली. दोन वर्षांपूर्वी प्रांताच्या अर्जात ‘अपत्ये’ या शब्दासमोर तिने ‘नाहीत’ लिहिलं, तेव्हा आपण खोटं लिहितोय हे तिच्या ध्यानातही आलं नाही. इतकी सवय झाली होती.

“लिहिलं तर आधीचा अर्ज खोटा ठरेल,” ती म्हणाली.

“ठरेल. पाच वर्षं दारात उभं करणार नाहीत. घरी जाशील. जा की! पोरगी समोर तरी असेल.” मर्लीने एका ट्रकला मागे टाकलं. “माझं काय झालं ते तुला ठाऊक आहे. एजंट म्हणाला, एकटी म्हणून लिही, लवकर काम होतं. मी लिहिलं. या देशाचा नियम असाय बाई, अर्जात ज्या पोराचं नाव गाळलं, ते पोर पुढं बोलावता येत नाही. मी वकील केले, रडले, पाया पडले. आज माझ्याकडं इथला पासपोर्ट आहे, घर आहे, आणि माझा रेनाटो चोवीस वर्षांचा झालाय तिकडं. मागल्या खेपेला गेले तर मला ‘मॅडम’ म्हणाला. चुकून म्हणाला. पण म्हणाला.”

 गावच्या पाण्याच्या टाकीचा लाल दिवा दिसला तेव्हा रोवेनाने ठरवलं होतं, लिहायचं. 

बुधवारी सकाळी कामावर जायच्या आधी तिने आईला फोन लावला. तिकडे रात्रीचे नऊ वाजले होते. आईने सगळं ऐकून घेतलं. नंतर एकच प्रश्न विचारला.

“कोर्टात कोण उभं राहील?”

“आई, तसं काही होत नाही गं. वकील सांगतात, हल्ली माफी असते.”

“माफी गुन्हेगाराला असते. सुईण तर मरून गेली. राहिले मी. नगरपालिकेत खोटं सांगायला लावलं मी, बाप्तिस्म्याला तिला हातात धरून उभी राहिले मी. आणि आता कॅनडा सरकारनं पत्र पाठवून मला कळवायचं, की ही तुझी नव्हेच?” आईचा आवाज चढला नाही. “ताप आला की रात्रभर कोण बसतं तिच्यापाशी? लिहितात का ते कुठं त्या कागदात?”

 दर महिन्याला रोवेनाचे पैसे जात होते, पण ताप उतरवायला ती कधीच गेली नव्हती. आईने फोन ठेवून दिला.

गुरुवारी सकाळी फोन वाजला तो लिझेलचा. पडद्यावर तिचा चेहरा फार जवळ आला होता. मागे कुत्री भुंकत होती.

“ताई, आई जेवली नाही काल. रडते नुसती. मला म्हणते, नेणार तुला ती.”

“तू झोप बरं. मी बोलते तिच्याशी.”

“मला माहितीये, ताई.”

“काय माहितीये?”

“चौथीत असल्यापासून. भांडणात एकीनं तोंडावर सांगितलं. मग मी आपल्या दोघींचे फोटो शेजारी शेजारी लावून बघितले.” लिझेल हसली, आणि त्या हसण्यात रोवेनाचे दोन्ही पुढचे दात होते. “कुणाला बोलले नाही. तू पण नको बोलूस.”

रोवेनाला वाटलं आता सांगावं, सगळं सांगावं, तेरा वर्षांचं. तिच्या तोंडून एवढंच निघालं, “तुला इथं यायचं नाही का?”

“यायचंय की. बर्फ बघायचाय.” पोरगी क्षणभर पडद्याबाहेर गेली आणि नाक पुसून परत आली. “पण मी आले तर आईकडं कोण? तुला कॅनडा आहे. तिला मीच आहे. आणि तुलाच तिथनं हाकललं, तर तिच्या गोळ्यांना पैसे कुठनं येणार? नको लिहूस. बहिणींची नावं लिहितात ना त्यात? तिथं लिही मला.”

“लिझेल…”

“भावांच्या आधी लिही हं,” ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

शुक्रवारी दुपारी रोवेना कार्यालयात गेली. वृद्धाश्रमाचं कार्यालय गेल नावाची बाई सांभाळायची. सरकारी अर्ज भरायचा म्हटलं की तिला हुरूप येई. पानं नीट लावून, सहीच्या जागांवर पिवळ्या चिठ्ठ्या डकवून ती वाट बघत बसली होती.

“बस गं. आधी भावंडं.”

रोवेनाने पहिल्या ओळीत लिझेलचं नाव घातलं आणि पुढे जन्मतारीख लिहिली. मग दोघा भावांचे दाखले पिशवीतून काढून, बघून बघून त्यांच्या तारखा लिहिल्या.

“बहिणीची तारीख पाठ आहे वाटतं?” गेलने चष्म्यावरून बघितलं. “आणि केवढी लहान! तुझ्यात नि तिच्यात सतरा वर्षं?”

“उशिरा झाली, मॅडम. शेंडेफळ.”

“असतात, असतात. माझी मावशी माझ्याहून धाकटी होती.” गेलने पान उलटलं. “आता हे. अपत्ये असल्यास नावं, नसल्यास खाली सही. वाचून घे हं. खोटं निघालं तर फार कडक आहेत ते.”

रोवेनाने वाचलं. मला एकही अपत्य नाही, असे मी या सहीने प्रमाणित करते. खाली रेघ होती. जिथे डॉक्टरांचा अहवाल गेला होता, तिथेच हे पान जाणार होतं, आणि कुणाच्या तरी टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी येणार होते. येतील किंवा येणारही नाहीत. तिने पेन धरलं.  शाळेत शिकवलं होतं तशी, पूर्ण नावाने, सावकाश तिने सही केली.

“सुरेख,” गेल म्हणाली आणि पान यंत्रात घातलं. झाकणाखालून उजेडाची पट्टी या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकत गेली. चार बटणं दाबून झाल्यावर गेलने दोन्ही हात टेबलावर ठेवले. “गेला बघ अर्ज. आता वर्षभर वाट बघायची.”

तिने पान काढून रोवेनाच्या हातात दिलं. “ही मूळ प्रत तुझी. हरवू नकोस. पुढे कधी कुणी विचारलं, तर हीच दाखवायची.”

“जपून ठेवीन, मॅडम,” रोवेना म्हणाली. पानाची चौपदरी घडी करून तिने ती कामाच्या अंगरख्याच्या खिशात घातली, वर हात ठेवला, आणि म्हाताऱ्यांना भरवायची वेळ झाली होती म्हणून ती जिना चढून वर गेली.