दाउरेनचा पायबंद

दाउरेन अकरा महिन्यांचा झाला आणि भिंत सोडून चार पावलं टाकू लागला. आता त्याचा पायबंद कापायचा. दोन्ही पायांना सैल दोरी बांधायची आणि कुणीतरी ती सुरीने कापायची. कापणाऱ्याची चाल मुलात उतरते, असं आम्ही कझाक मानतो.

मी सासऱ्यांना विचारलं, "बाबा, तुम्ही कापाल?"

"वेडी आहेस का सूनबाई! शेजारच्या येर्मेकला बोलव. घोड्यासारखा पळतो."

"आणि खातोही घोड्यासारखा," आतून सासूबाई.

बाबांचं चालणं मला खिडकीतून पाठ झालंय. चौथ्या पॉपलरच्या झाडापाशी त्यांची पोटरी आवळून येते. मग ते घोडी बघतोय असं दाखवत उभे राहतात. घोडी नसली तरी. रक्तातली चरबी पायाच्या नसांत बसलीय, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. रोज एक गोळी, आणि चालणं सोडायचं नाही.

त्याच दुपारी दाउरेनचं तापाचं औषध शोधताना बाबांच्या गोळ्या हाती लागल्या. पाकीट जवळजवळ भरलेलं. मी ते बाबांसमोर धरलं.

"घेतो की!" बाबा म्हणाले. "मेंढीच्या शेपटाची चरबी खाल्ली की घेतो. नुसता चहा-नान असला, तर ती वितळवणार काय?"

"अहो, आपलं अंग स्वतःही चरबी बनवतं. रोज."

"मग रोज घेतली तर पळेन?"

खोटं बोलवेना. "पळणार नाही. पण पाय गमवावा लागू नये, हृदयाची वाट बुजू नये, म्हणून आहे ती."

"बघ! असली चाल नातवाला कशाला?"

तेवढ्यात दाउरेन धपकन बसला, इकडेतिकडे पाहिलं, आणि पुन्हा उठला.

"थांबून परत चालू लागणारं या घरात तुमच्याशिवाय कोण आहे?" मी म्हटलं. "त्याला तेवढंच यायला हवंय."

बाबा दाउरेनच्या पावलांकडे बघत राहिले.

शनिवारी पायबंदाच्या वेळी सासूबाईंनी दाउरेनच्या पायांना बांधायला मेंढीचं चरबीचं आतडं काढलं. त्याने म्हणे मूल श्रीमंत होतं.

"लोकरीची दोरी आण!" बाबा ओरडले. "पायात चरबीवाला एक पुरे!" आणि त्यांनीच सुरी मागितली. एका झटक्यात दोरी कापली.

दोघं बोट धरून निघाले. तिसऱ्या पॉपलरपाशी दाउरेन बसला. बाबाही थांबले. "घोडी बघतोय आम्ही!"

मंगळवारी समारंभातलं उरलंसुरलं मांस संपलं. समोर नुसता चहा-नान. मी खिडकीकडे तोंड करून, काचेत उमटलेल्या बाबांकडे बघत होते. बाबांनी पाकीट काढलं, गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळली.

"बघून झालं असेल, तर आणखी चहा ओत," ते म्हणाले.